चमचाभर पाण्यातलं ख्रिस्तशरीर

वसईत, आमच्या धर्मग्रामात महिन्याचा पहिला शुक्रवार आजाऱ्यांचा. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आटोपली की फादर, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आणि कम्युनियन नेण्याची परवानगी मिळालेली गावातली दोन-चार माणसं आळीआळीत पांगतात. त्यांच्याजवळ एक छोटी गोल डबी असते, तिच्यात ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर; ती घेणं म्हणजेच कम्युनियन. घरोघरी टेबलावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, बागेतली चार फुलं आणि पेलाभर पाणी मांडून ठेवलेलं असतं. शेजारच्या खाटेवर बहुतेक घरांत एखादी आजी नाहीतर आजोबा. आमच्या घरी त्या खाटेवर सात वर्षांची मुलगी होती.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. घरात सगळे तिला बाय म्हणायचे.

तिच्या आजाराला डॉक्टर डीआयपीजी म्हणतात. मेंदू जिथे खाली मानेकडे उतरतो, त्या देठातली ही गाठ. श्वास, गिळणं, डोळे फिरवणं, तोल सांभाळणं, सगळ्याचा कारभार तिथून चालतो, आणि ही गाठ चांगल्या पेशींमध्ये अशी मुरलेली असते की ती वेगळी काढताच येत नाही. साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुलांना होते. सुरुवात इतकी साधी की आई-बाप चष्म्याच्या डॉक्टरकडे जातात. एक डोळा तिरळा होतो, पळताना झोक जातो, हसताना ओठ एकाच बाजूला वळतो. रेडिएशननं काही महिने मूल पुन्हा पहिल्यासारखं होतं, मग गाठ परत डोकं वर काढते. निम्म्याहून जास्त मुलं निदानानंतर वर्षाच्या आत जातात. परळला, टाटामध्ये, डॉक्टर बाईंनी हे सगळं कागदावर चित्र काढून आम्हाला समजावलं. त्यांनी घाई केली नाही आणि खोटा धीरही दिला नाही. त्यासाठी मी आजही त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करते.

मला लोक विचारतात, विशेषतः ज्यांच्या घरात असंच काही चाललेलं असतं ते, की तुला तुझ्या धर्मानं नेमकं काय दिलं? विचारणाऱ्यांत हिंदू मैत्रिणी आहेत, आमचेच ख्रिस्ती नातेवाईक आहेत, आणि ज्यांचा कशावरच विश्वास नाही असेही आहेत. बहुतेकांना वाटतं मी म्हणेन, देवाची काहीतरी योजना होती. मला ती योजना कधीच दिसली नाही. मला मिळालं ते फार साधं होतं, हातात धरता येण्यासारखं, आणि ते मिळायलाही वेळ लागला.

आधी जे मिळालं ते वाक्यांचं ओझं होतं. देव आपल्या लाडक्यांनाच क्रूस देतो. बागेतलं चांगलं फूल माळी आधी खुडतो. घराण्यात कुणाचं काही राहिलंय का बघा. ही वाक्यं बोलणारी माणसं दुष्ट नव्हती. रात्री भाकरी-कालवणाचा डबा घेऊन तीच दारात उभी राहिली, माझ्या थोरल्या मुलाला शाळेत तीच सोडत होती. पण सात वर्षांच्या मुलीच्या उशाशी बसलेल्या आईला, देवानं तुझं मूल आवडलं म्हणून खुडलं असं सांगणं मला सहन होत नव्हतं, आजही होत नाही. माळी असा नसतो. आमच्याकडे पानवेल आणि मोगरा आहे, मला ठाऊक आहे माळी कसा असतो.

बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध माणूस आहे. शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. लहानपणापासून हे चर्चमध्ये कितीदा वाचलेलं ऐकलं असेल. पण दादरहून सुटलेल्या विरार गाडीत बायला मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा ते माझ्यासाठी म्हटलं गेलं. आईबापांचंही नाही. त्या दिवसापासून वाक्यं यायची थांबली नाहीत, पण आत शिरायची थांबली.

चमत्कार मीही मागितला. रेडिएशन चालू असताना आम्ही मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरीला गेलो. वांद्र्याच्या त्या टेकडीवर बॅसिलिकेबाहेर मेणाच्या वस्तूंची दुकानं आहेत. हात, पाय, डोळे, घर, पाळण्यातलं बाळ, जे दुखतं किंवा जे हवं ते मेणात मिळतं, ते घेऊन माउलीपुढे ठेवायचं. आठ सप्टेंबरनंतरच्या रविवारी तिची जत्रा सुरू होते तेव्हा तिथे सगळ्या धर्मांची माणसं रांगेत असतात. आम्ही साध्या वारी गेलो होतो. बायनं स्वतः मेणाचं डोकं निवडलं. रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर घट्ट बसवायचा जाळीचा मुखवटा असतो, तो तिला मुळीच आवडायचा नाही. म्हणून त्या मेणाच्या डोक्याकडे बघून ती म्हणाली, “याला मास्क नाय.” मग ते तिनं मारियामातेच्या पायाशी ठेवलं.

त्या नवसाची मला लाज नाही. आई मागणारच. पण त्याच टेकडीवर शांती आवेदना सदन आहे. डॉक्टर एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली सुरू केलेलं, भारतातलं पहिलं हॉस्पिस. कॅन्सरचे जे रुग्ण आता बरे होणार नाहीत त्यांना तिथे ठेवून घेतात, सिस्टर त्यांचं सगळं करतात, पैसे मागत नाहीत. उतरताना मी ती पाटी वाचली. एकाच टेकडीवर एकीकडे आम्ही बरं कर म्हणून मेण वाहतो आणि दुसरीकडे त्याच माउलीची लेकरं, बरं होणार नाही हे मान्य करून, कुणाची तरी पाठ पुसत असतात. दोन्ही एकाच श्रद्धेची कामं आहेत हे मला त्या पायऱ्यांवर पहिल्यांदा दिसलं. तेव्हा मला त्यातलं पहिलंच हवं होतं. दुसऱ्याची भीती वाटत होती.

चांगले महिने आले आणि गेले. बाय पुन्हा शाळेत गेली, नाताळच्या गोठ्यात मेंढ्या मांडल्या, थोरल्याशी भांडली. मग एका सकाळी तिचा डावा पाय ओढला जाऊ लागला.

इथून पुढे आमच्यासमोर जो प्रश्न आला तो कुठल्याही आईबापासमोर येऊ नये. डॉक्टर म्हणाले, पुन्हा थोडं रेडिएशन देता येईल, त्यानं काही आठवडे मिळतील. शेवटी श्वास अडला तर व्हेंटिलेटर लावायचा का, तेही आत्ताच ठरवून ठेवा. बायच्या पप्पांना सगळं करायचं होतं. ते रात्री उठून मोबाइलवर परदेशातल्या औषधांबद्दल वाचत बसायचे. मला तिला त्या मशीनखाली पुन्हा न्यायचं नव्हतं, आणि असं वाटणं म्हणजे तिला सोडून देणं आहे असंही वाटत होतं. कॅथलिक घरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते की जीव देवाचा आहे, त्याला हात लावायचा नाही. मग उपचार थांबवणं म्हणजे हात लावणं झालं का?

मी फादरांना विचारलं. आमचे फादर साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. ते ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, “बाई, थांबणं वेगळं आणि मारणं वेगळं. चर्च ह्यात फार पूर्वीपासून स्पष्ट आहे. तुम्हालाच कुणी सांगितलेलं नाही.” मग त्यांनी सांगितलं की १९५७ साली डॉक्टरांनी पोप बाराव्या पायस यांना हेच प्रश्न विचारले होते. पोपनी उत्तर दिलं की रुग्णावर जड होणारे, असाधारण उपाय करत राहण्याची सक्ती कुणावर नाही. दुखणं थांबवण्यासाठी गुंगीचं औषध द्यायला हरकत नाही, दुसरा उपाय नसेल आणि त्यानं आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असेल तरीही. पुढे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही हेच आलं. मृत्यू आपण घडवत नाही, तो अडवता येत नाही हे स्वीकारतो.

फादर गेल्यावर बायचे पप्पा बराच वेळ विहिरीपाशी उभे होते. मग आत येऊन म्हणाले, “आता तिला परळला नको न्यायला.” एवढंच. आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या इतके जवळ कधी नव्हतो. धर्म म्हणजे बंधनं असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. आम्हाला थांबण्याची मोकळीक धर्मानं दिली. डॉक्टरांनी ती आधीच दिली होती, पण रात्री तीन वाजता जो आवाज आतून विचारतो त्याला डॉक्टरांचं उत्तर पुरत नव्हतं.

मॉर्फीनचंही तसंच. या देशात मॉर्फीन मिळणं फार अवघड होतं. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं त्याला इतकी कुलपं लावली होती की कॅन्सरचे रुग्ण कळवळत मरायचे. २०१४ साली कायदा बदलला तेव्हा वाट थोडी मोकळी झाली. आम्हाला पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या डॉक्टरांकडून ते वेळेवर मिळालं. सुई नसलेल्या सिरिंजनं मोजून गालाच्या आत सोडायचं. पहिल्यांदा देताना माझा हात थरथरला. ही झोपेतच गेली तर? डॉक्टरांनी समजावलं होतं की दुखण्याच्या मानानं मोजून दिलं तर ते जीव घेत नाही, जीवाला स्वस्थ करतं. आणि तसंच झालं. डोकेदुखीनं आवळलेली तिची मूठ अर्ध्या-पाऊण तासात सुटली आणि तिनं टीव्ही लावायला सांगितला.

गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी बायला सांगितलं होतं, दुखेल तेव्हा येशूला अर्पण कर, त्याच्या जखमांत घाल. त्या बाईंच्या स्वतःच्या आयुष्यात त्यांनी तसं केलं असेल, त्यांना मी काही म्हणणार नाही. मोठ्या माणसानं आपण होऊन तसं करावं, त्यात मोठी गोष्ट आहे. पण लहान मुलाला दुखणं सोसायला शिकवणं म्हणजे श्रद्धा, हे मी मानत नाही, आणि चर्चही तसं सांगत नाही. येशूसमोर जितकी आजारी मुलं आणली गेली त्यातल्या एकालाही तो, सोस, असं म्हणाला नाही.

संस्कारांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याच लोकांना त्याची माहिती नसते आणि त्यापायी मुलं त्याशिवाय जातात.

जुन्या लोकांच्या मनात तेल घेऊन आलेले फादर म्हणजे यमदूत. सासूबाई आमच्या कादोडी बोलीत पुटपुटल्या की एवढ्यात तेल कशाला, पोरीला वाटेल आपण मेलो. पूर्वी त्या संस्काराला अंत्याभ्यंगच म्हणत. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६३ साली स्पष्ट केलं की हा फक्त शेवटच्या श्वासाचा संस्कार नाही, आजारपण गंभीर झालं की तो घ्यावा. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधीही बदलला. आता तो रुग्णाभ्यंग. पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वादित केलेलं तेल, कपाळाला आणि तळहातांना लावतात. याकोबाच्या पत्रात आहे, तुमच्यात कुणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडील माणसांना बोलवावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. बायला तेलाचा वास आवडला. रोज तिच्या अंगाला मीच तेल लावायची, पाय वळत होते म्हणून. त्यामुळे फादरांनी तळहाताला बोट लावलं तेव्हा तिनं सवयीनं दुसराही हात पुढे केला. घरात कुणी रडलं नाही. सासूबाईसुद्धा नाहीत.

दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, आमच्याकडे मुलं मोठी झाल्यावर बिशपांच्या हातून होतं. पण मरणाचा धोका असेल तर साधा धर्मगुरूही तो संस्कार देऊ शकतो आणि त्याला वयाची अट नाही. कम्युनियनचंही असंच. एरवी तिसरी-चौथीतल्या मुलांचं वर्गच्या वर्ग एकत्र पहिलं कम्युनियन होतं, वर्षभर शिकवणी, पांढरे फ्रॉक, डोक्यावर फुलं, मांडव, जेवण. आजारी मुलासाठी चर्चच्या कायद्यात अट अगदी लहान ठेवली आहे. ख्रिस्ताचं शरीर आणि नेहमीचं अन्न यातला फरक मुलाला कळावा आणि त्यानं ते आदरानं घ्यावं.

ही अट इतकी लहान व्हायला एक लहान मुलगी कारण झाली असं सांगतात. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात सिस्टरांच्या आश्रमात एलन ऑर्गन नावाची आई नसलेली मुलगी होती, क्षयानं आजारी. त्या काळी पहिलं कम्युनियन बारा-चौदाव्या वर्षी होई. ही चार वर्षांची. तिनं हट्ट धरला, बिशपांनी खात्री करून घेतली आणि १९०७च्या डिसेंबरात तिला ते मिळालं. २ फेब्रुवारी १९०८ रोजी ती गेली. पोप दहाव्या पायस यांच्या कानावर तिची गोष्ट गेली आणि ऑगस्ट १९१० मध्ये त्यांनी मुलांच्या कम्युनियनचं वय सातच्या आसपास आणलं.

माझं या गोष्टीशी नातं थोडं अवघडलेलं आहे. चिमुकल्या संतांच्या गोष्टी मला आजारपणात वाचवत नसत. पोर्तुगालमधल्या फातिमा गावात मारियामातेचं दर्शन झालं असं मानतात ती जासिंता मार्तो, जिला २०१७ साली संतपद मिळालं, ती नऊ वर्षांची असताना लिस्बनच्या रुग्णालयात १९२०च्या फेब्रुवारीत गेली, आणि तेव्हा घरचं कुणी तिच्याजवळ नव्हतं. सगळे तिच्या धीराबद्दल बोलतात. मी तिच्या आईचा विचार करते. माझी बाय संत नव्हती आणि मला ती संत व्हायला नको होती. स्टिरॉइडनं तिला सारखी भूक लागायची तेव्हा ती मॅगीसाठी किंचाळायची. गालफडं सुजलेली, फोटो काढू द्यायची नाही. आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया, ज्याला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर दिलं, त्याच्या सणाला तिनं प्रवचन चालू असताना मला विचारलं, “त्याची आई कुठे होती?” मी म्हटलं, इथे वसईत असेल, तिला ठाऊकही नसेल. ती म्हणाली, “मग कुणीतरी तिथे जायला पायजे होतं.” सगळ्या हुतात्म्यांच्या कथांत मला पुढे आधार देणारं जर काही असेल तर ते तिचं हे वाक्य. योहान लिहितो की येशूच्या क्रुसाजवळ त्याची आई उभी होती. ती काही बोलल्याचं त्यानं लिहिलेलं नाही. काही केल्याचंही नाही. तिथे असणं, एवढंच काम होतं, आणि शुभवर्तमानात त्याची नोंद घ्यावी इतकं ते मोठं होतं.

तिच्या पहिल्या कम्युनियनसाठी गावातल्या शिंपीणबाईंनी पांढरा फ्रॉक पाठीमागून उघडा शिवला, म्हणजे हात न वळवता घालता येईल. आदल्या दिवशी पहिलं पापनिवेदन झालं. फादर आत, दार लावलेलं, आम्ही ओसरीवर. तिचं बोलणं तेव्हा फार अडखळायचं, त्यामुळे बराच वेळ लागला. तिनं काय सांगितलं ते फादरांनी अर्थातच कधी सांगितलं नाही. तिनंच मला रात्री सांगितलं. दादा पळतो त्याचा मला राग येतो, असं सांगितलं. मग फादर काय म्हणाले? “म्हणाले, येशूला सांग. तो पण पळू शकत नव्हता, खिळे होते.” एवढं सांगून ती झोपली. देवाच्या न्यायाबद्दल मी पुष्कळ ऐकलं आणि वाचलं आहे, पण क्रुसावरचा देव आणि खाटेवरचं मूल यांची इतकी सरळ ओळख मला कुणी करून दिली नव्हती.

गिळणं तोवर फार कठीण झालं होतं. पातळ पाण्यानं ठसका, घट्ट काही उतरत नाही. मी दिवसभर चमच्यानं घोट-घोट भरवत असायची आणि अर्धं बाहेर यायचं. त्या दिवसांत मार्कच्या पाचव्या अध्यायातली याईराची मुलगी माझ्या मागे लागली होती. बारा वर्षांची, मेलेली, येशू तिचा हात धरून तिला उठवतो. त्या चमत्काराचा मला हेवा वाटायचा, कधी संताप यायचा, तिचीच का, माझी का नाही. पण त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य विलक्षण आहे. सगळे थक्क होऊन उभे असताना येशू सांगतो, तिला काहीतरी खायला द्या. इतक्या मोठ्या कृत्यानंतर त्याला आठवतं की मुलीला भूक लागली असेल. ते वाक्य आईचं आहे. माझ्या हातातल्या चमच्याकडे देवाचं लक्ष आहे असं मला त्यामुळे वाटलं. चमत्कार न होताही वाटलं.

फादरांनी होस्तीचा, त्या पवित्र भाकरीच्या चकतीचा, अगदी कणभर तुकडा मोडला आणि चमचाभर पाण्यात ठेवला. तसं करता येतं, आजाऱ्याला नुसता कणही पूर्ण ख्रिस्त असतो. त्यांनी तिला विचारलं, “बाय, हे काय आहे?” ती म्हणाली, “येशू.” थोडं थांबून म्हणाली, “चव नाय.” फादर म्हणाले, “बरोबर.” आणि ते उतरलं. ठसका लागला नाही. दिवसभरात तिच्या पोटात तेवढंच नीट गेलं.

त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल मला फार लिहायचं नाही. वाईट रात्री होत्या. प्रार्थना सुचत नव्हती आणि सुचली तर ती शिवी होती. माझी मावसबहीण सिस्टर आहे, तिला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा तिनं मला बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायला लावलं. बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजाडतं, देवाचे आभार येतात. यात येत नाही. ते अंधारातच संपतं. आणि हे स्तोत्र चर्चच्या नित्य प्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री, झोपण्याआधी, जगभरचे धर्मगुरू, भिक्षू आणि सिस्टर म्हणतात. बहीण म्हणाली, “तुला म्हणवत नाही तेव्हा आम्ही म्हणतोय. तू फक्त तिच्याजवळ बस.” माझा राग कुणीतरी आधीच प्रार्थनेत घालून ठेवला होता, त्यासाठी मला देवाकडे पाठ फिरवायची गरज नव्हती. हा दिलासा मी शब्दांत नीट मांडू शकत नाही, पण तो खरा होता, आणि त्यानं मला पुढच्या रात्री काढता आल्या.

पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात ती गेली. रात्रभर आळीतल्या बायकांनी पाळीपाळीनं रोझरी चालवली. मधेच माझा आवाज बंद पडला तरी माळ थांबली नाही. पन्नास वेळा मारियामातेला तेच शब्द म्हणायचे असतात, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर. लहानपणापासून मी ते दोन वेगवेगळे काळ समजून म्हणत आले होते. त्या रात्री ते एकच झाले. सासूबाई, बायचे पप्पा, थोरला, मी, सगळे तिच्याजवळ होतो. कुणीतरी तिथे जायला पाहिजे होतं, आणि आम्ही तिथे होतो.

फादरांनी तिच्या मिस्सेला पांढरी वस्त्रं घातली. तिला तोच पांढरा फ्रॉक होता. प्रवचन अगदी लहान झालं, त्यात खुडलेल्या फुलांचा उल्लेख नव्हता, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

थोरला तेव्हा दहावीत होता. काही महिने तो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा आणि कम्युनियनला उठायचा नाही. मी त्याला कधी विचारलं नाही. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही सगळ्यांसारखीच कबर धुतली, शेवंती आणि झेंडू लावला, मेणबत्त्या पेटवल्या. तिथे त्यानं फादरांना गाठलं. विचारलं, आपण बायसाठी प्रार्थना करायची की बायला आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगायची? फादर म्हणाले, दोन्ही कर. आपण इकडचे आणि ती तिकडची, घर एकच आहे. तिच्यासाठी कर, कारण तू तिचा दादा आहेस. आणि तिला सांग, कारण ती आता तुझ्याआधी पोहोचली आहे.

पुढच्या मार्चमध्ये त्याची दहावीची परीक्षा होती. गणिताच्या पेपरला निघताना तो तिच्या फोटोपुढे थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, “बाय, बीजगणित बघ जरा.” मग चप्पल घालून पळत गेला, बस चुकू नये म्हणून.